चालेल का, जरा जुनं लिव्हर?

लिव्हर ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर नाव लागलं, की अख्खं घर एका फोनची वाट बघायला लागतं. फोन येतोही. फक्त पलीकडून 'मिळालं!' असं ऐकू येत नाही. 'घेणार का?' असं विचारतात.

रात्रीचे सव्वाअकरा. ऑगस्ट २०२२. मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन एका नव्या रेस्टॉरंटचा रिव्ह्यू संपवत होते. (हो, तेव्हा मी खाण्यावर लिहायचे. त्यातली गंमत पुढे कळेल.) मोबाइल वाजला. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर.

"मॅडम, काकांसाठी एक लिव्हर आहे. डोनर ६८ वर्षांचे आहेत, ब्रेन हॅमरेज. सोनोग्राफीत थोडं फॅट दिसतंय. तुमच्या आधीच्या पेशंट्सनी नाही म्हटलंय. तुमची तयारी आहे का? अर्ध्या तासात कळवाल?"

अर्धा तास! साधा मोबाइल घ्यायचा तर आपण पंधरा दिवस रिव्ह्यू वाचतो, तीन मित्रांना विचारतो आणि तरीही दुकानात जाऊन दुसरंच मॉडेल घेऊन येतो. इथे बाबांच्या पोटात आयुष्यभर राहणाऱ्या वस्तूसाठी अर्धा तास. तोही आम्हाला लागला नाही. आई म्हणाली, "अडुसष्ट? अगं, म्हणजे यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस की!" बंगळुरूहून दादा फोनवर म्हणाला, "बाकीच्यांनी नाही म्हटलंय ना? मग आपणच का घ्यायचं?" बाबा आत झोपले होते. त्यांना कोणी उठवलंच नाही.

बाराव्या मिनिटाला मी फोन करून 'नको' सांगितलं. सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

'किती घ्यायचे?'

बाबांना लिव्हर सिरोसिस आहे असं कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : "किती घ्यायचे?" काही घ्यायचे नाहीत हो! सहकारी बँकेत तीस वर्षं नोकरी, दुपारी डबा, संध्याकाळी चहा-खारी, रविवारी जिलबी. डायबेटिस होता, पोट सुटलेलं होतं, बस्स. दारूशिवायही लिव्हरमध्ये चरबी साठते, तिच्यामुळे सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहिली की लिव्हर जून आणि घट्ट होत जातं. बाबांच्या बाबतीत हे सगळं कळलं तेव्हा पोटात पाणी भरायला लागलं होतं.

आपल्याकडे लिव्हर मिळण्याचा सरळ रस्ता घरातूनच जातो. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत पहिली यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट झाली, तेव्हाही एका बापाने आपल्या छोट्या मुलाला लिव्हरचा तुकडा दिला होता. आजही देशातल्या बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट्स अशाच होतात, कारण ब्रेनडेड व्यक्तींचं अवयवदान फारच कमी. १४० कोटींच्या या देशात असे दाते वर्षाला एक हजाराच्या वर गेले, ते २०२३ मध्ये पहिल्यांदा. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकांमागे चाळीसहून जास्त दाते मिळतात, आपल्याकडे एकही नाही.

तर घरातून कोण? दादाचा रक्तगट जुळेना. आईला स्वतःला डायबेटिस. राहिले मी. बाबांचा आणि माझा रक्तगट एकच, बी पॉझिटिव्ह. मामा हळूच म्हणाला, "हिचं लग्न व्हायचंय अजून, पोटावर एवढी मोठी खूण..." आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने चहाचा कप तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

मी मोठ्या तोऱ्यात सीटी स्कॅनला गेले. आणि नापास झाले.

निरोगी लिव्हर सीटीवर शेजारच्या प्लीहेपेक्षा उजळ दिसतं. चरबी असली की ते काळपट दिसायला लागतं. दोघांच्या उजळपणाची वजाबाकी करून डॉक्टर एक आकडा काढतात. तो अधिक पाचच्या वर असला तर उत्तम, उणे पाचच्या खाली गेला तर गडबड. माझा आला उणे नऊ! मी दिसायला काही जाडी नाही, दारू म्हणाल तर कधीमधी एखादी वाइन. पण चार वर्षं रात्री बारापर्यंत स्क्रीनसमोर, ऑफिसच्या कँटीनपासून पंचतारांकित बुफेपर्यंत सगळं चाखणं हेच काम. रिव्ह्यू पेपरात छापून यायचे आणि त्यांची ऑफिस कॉपी माझ्या लिव्हरमध्ये फाइल होत होती.

"वजन उतरवा, दोन-तीन महिन्यांनी परत बघू," सर्जन म्हणाले. मी तळजाईच्या टेकडीवर पहाटे चालायला लागले. दरम्यान बाबांचं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय समितीच्या, यादीत लागलं होतं. आणि मग तो ऑगस्टमधला फोन.

'मार्जिनल' म्हणजे नेमकं काय?

'नको' म्हटल्यावर दोन दिवसांनी मी माझ्यातल्या पत्रकाराला जागं केलं. (जरा उशिराच, मान्य.) डॉक्टरांच्या भाषेत अशा लिव्हरला 'मार्जिनल' म्हणतात, हल्ली 'एक्स्टेंडेड क्रायटेरिया'. आपल्या भाषेत काठावर पास. दाता वयस्कर असेल, लिव्हरमध्ये चरबी असेल, आयसीयूत त्याच्या रक्तातलं सोडियम फार वाढलेलं असेल, एखाद्या जुन्या इन्फेक्शनची खूण असेल, किंवा काढल्यापासून बसवेपर्यंत लिव्हर फार वेळ बर्फावर राहणार असेल, तर ते या वर्गात जातं.

पण यात एक सरसकट लाल रेघ नसते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वीस हजारांहून जास्त ट्रान्सप्लांट्सचा हिशेब मांडून 'डोनर रिस्क इंडेक्स' काढला. वय, मृत्यूचं कारण, बर्फावरचा वेळ, अशा गोष्टींची एक बेरीज. म्हणजे एखादी गोष्ट वाईट असेल तर चालून जातं, चार एकत्र आल्या की जड जातं. चरबीचंही तसंच. तिचे मोठे थेंब ३० टक्क्यांपेक्षा कमी पेशींत असले तर सर्जन सहसा फार विचार करत नाहीत. ३० ते ६०च्या मध्ये असले तर पेशंट कोण, वेळ किती, सगळं तोलून बघतात. ६०च्या वर बहुतेक जण हात लावत नाहीत, कारण चरबीने भरलेल्या पेशी बर्फावर आणि पुन्हा रक्त सुरू होताना फुटतात.

आणि वय? इथे माझा सगळ्यात मोठा गैरसमज गळून पडला. लिव्हर हा मुळात न थकणारा अवयव. स्वतःला पुन्हा वाढवतो, रक्तपुरवठाही दोन-दोन वाटांनी होतो. इटलीत पिसा शहरातल्या टीमने तर ऐंशीच्या पुढच्या दात्यांची लिव्हर्स वापरली आणि नीट निवडून वापरली तर ती चांगली चालतात असं दाखवून दिलं. आपल्याकडे आजोबा ब्रेनडेड झाले की नातेवाईकच म्हणतात, 'आता या वयात त्यांचं काय उपयोगी पडणार?' पडतं!

नावात काय आहे म्हणतात, पण इथे नावातही बरंच आहे बरं का. इन्फेक्शनचा धोका थोडा जास्त असलेल्या दात्यांना अमेरिकेत 'इन्क्रीज्ड रिस्क' असं लेबल लावायचे. नव्या रक्ततपासण्यांमुळे प्रत्यक्षातला धोका अगदी थोडा उरलेला, पण लेबल ऐकूनच लोक नाही म्हणायचे आणि चांगले अवयव वाया जायचे. शेवटी २०२० मध्ये ते लेबलच काढून टाकलं.

डोंबिवलीची लोकल

मी सर्जनना भेटून थेट विचारलं, "आम्ही चूक केली का?"

ते हसले. "मी डोंबिवलीचा. पहिली लोकल खच्चून भरलेली येते. पुढची जरा रिकामी येईल म्हणून तुम्ही ती सोडता. अशा किती सोडायच्या, हे लोकलमध्ये किती गर्दी आहे त्यावर ठरत नाही. तुम्हाला ऑफिसला किती वाजता पोचायचंय त्यावर ठरतं."

बाबांना किती वाजता पोचायचं होतं, हे सांगणारा आकडा म्हणजे मेल्ड स्कोअर. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी, यांवरून काढलेला, ६ ते ४०च्या दरम्यानचा. पुढच्या तीन महिन्यांत पेशंट किती धोक्यात आहे, ते तो सांगतो. अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीनुसार हॉस्पिटलात असलेल्या पेशंटचा स्कोअर २० ते २९ असेल तर तीन महिन्यांत साधारण पाचातला एक जातो. ३० ते ३९ असेल तर निम्म्याहून जास्त. ऑगस्टमध्ये बाबांचा होता १६.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हेच गणित करून पाहिलं होतं. खूप आजारी पेशंटला काठावरचं लिव्हरही थांबण्यापेक्षा जास्त आयुष्य देतं. पण स्कोअर कमी असलेल्या पेशंटला तेच लिव्हर घेण्यापेक्षा थांबणं बरं. म्हणजे ऑगस्टमध्ये आमचं 'नको' कदाचित बरोबर होतं. फक्त आम्ही ते चुकीच्या कारणासाठी म्हटलं होतं. आम्ही डोनरचं वय बघितलं होतं, बाबांकडे बघितलंच नव्हतं.

दुसरा एक अभ्यास मात्र झोप उडवणारा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं, की अमेरिकेत यादीवर असताना जे पेशंट दगावले किंवा फार खालावले म्हणून यादीतून निघाले, त्यांतल्या ८४ टक्के जणांच्या नावे आधी निदान एक लिव्हर येऊन गेलं होतं. आलं आणि परत गेलं. आपण समजतो, लिव्हर मिळालं नाही म्हणून माणूस गेला.

एक तक्रार इथे मांडतेच. यादीत नाव घालताना आमच्याकडून जाड गठ्ठा भरून सह्या घेतल्या होत्या. त्यात 'एक्स्टेंडेड क्रायटेरिया'चा एक कागद होता, हे मला नंतर फाइल चाळताना कळलं. खाली माझीच सही! त्यावर आमच्याशी कुणी दहा मिनिटंही बोललं नव्हतं. कोऑर्डिनेटर बिचारी रात्री सव्वाअकराला कितीसं समजावणार? तुमच्या घरात कुणाचं नाव अशा यादीत असेल तर तो कागद दिवसाउजेडी बाहेर काढा. कुठल्या प्रकारचं लिव्हर आमच्या पेशंटला चालेल, कुठलं अजिबात नाही, आणि स्कोअर किती झाला की हे उत्तर बदलेल, असं डॉक्टरांना विचारा. आणि मुख्य म्हणजे पेशंटला विचारा. आम्ही बाबांना ऑगस्टमधली गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला उठवायचं ना."

दुसरा फोन

नोव्हेंबरमध्ये बाबांना पोटातल्या पाण्याचं इन्फेक्शन झालं आणि सगळं भराभर घसरलं. एका रात्री ते टीव्हीच्या रिमोटने पंखा लावायचा प्रयत्न करत होते आणि लागत नाही म्हणून माझ्यावर चिडत होते. मेल्ड २९. माझं वजन सहा किलो उतरलं होतं, उणे नऊचा आकडा अधिक एकवर आला होता. "अजून थोडं," असं मला सांगितलं. माझ्याकडे थोडा वेळ होता, बाबांकडे नव्हता.

या वेळी फोन संध्याकाळी आला आणि सर्जननी स्वतः केला. दाता ७१ वर्षांचे. थोडं फॅट. शिवाय रक्तात हिपॅटायटिस बीची जुनी खूण. विषाणू सापडत नाही, पण कधीकाळी होऊन गेलाय आणि अशा लिव्हरमध्ये तो झोपून राहिलेला असू शकतो. घेतलं तर बाबांना रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. म्हणजे ऑगस्टपेक्षाही 'वाईट' ऑफर!

"तुम्ही काय कराल, डॉक्टर?"

"माझे वडील असते तर घेतलं असतं. पण मी आधी तिथे जाऊन बघणार. आवडलं नाही तर रिकाम्या हाताने परत येईन, तेव्हा माझ्यावर रागवायचं नाही."

बाबा भानावर होते. त्यांना या वेळी विचारलं. ते म्हणाले, "त्या घरच्यांनी हो म्हटलंय ना? मग आपण कोण नाही म्हणणारे?"

पुढचे तास मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर काढले. शहरातल्याच दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये त्या आजोबांना डॉक्टरांच्या पॅनेलने नियमाप्रमाणे निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ब्रेनडेड ठरवलं होतं. निरोगी लिव्हरची कड सुरीसारखी धारदार असते, चरबीचं असेल तर कड गोलसर आणि रंग पिवळट. सर्जननी हाताने चाचपून पाहिलं, तरी समाधान होईना म्हणून छोटा तुकडा काढून रातोरात पॅथॉलॉजिस्टला उठवलं. उत्तर आलं : २५ टक्के. घ्या!

"वय आणि फॅट माझ्या हातात नाही," ते मला नंतर म्हणाले. "वेळ आहे. म्हणून बाबांना आम्ही आधीच टेबलवर घेतलं होतं." लिव्हर बर्फावर सहा तासांपेक्षा कमी राहिलं.

या सगळ्यात आता एक नवा पाहुणा आलाय, तो म्हणजे मशीन. बर्फाच्या पेटीऐवजी लिव्हर ३७ अंशांवर ठेवायचं, त्यातून रक्त आणि ऑक्सिजन फिरवायचा. ते बाहेर असतानाच पित्त तयार करायला लागतं आणि चालेल की नाही, हे आधीच कळतं. युरोपातल्या एका चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं, की अशाने वाया जाणारी लिव्हर्स निम्म्याने कमी झाली. बर्मिंगहॅमच्या टीमने तर देशभरातल्या सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ लिव्हर्स मशीनवर लावली आणि त्यातली २२ बसवली. तीन महिन्यांनी बावीसच्या बावीस पेशंट जिवंत. नंतर काहींच्या पित्तनलिकांचा त्रास वाढून पुन्हा ट्रान्सप्लांट करावी लागली, हेही सांगायला हवं. आपल्याकडे मोजक्या केंद्रांतच ही मशीन्स आहेत आणि खर्च भरपूर. आमच्या वेळी सर्जनची बोटं आणि पॅथॉलॉजिस्टचा मायक्रोस्कोप, एवढंच.

एकाहत्तर अधिक

सगळं छान झालं, असं लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पहिले तीन दिवस लिव्हर सुस्त होतं. एन्झाइम्स हजारांच्या घरात. आई काचेतून बघायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "आपण घाई तर नाही ना केली?" पाचव्या दिवशी आकडे उतरायला लागले. चौथ्या महिन्यात पित्तनलिका अरुंद झाली, कावीळ परत. एंडोस्कोपीने तीनदा स्टेंट घातले. प्रत्येक वेळी दादा विचारायचा, "त्या लिव्हरमुळेच ना हे?" सर्जन म्हणायचे, "असेल. नसेलही. तिशीतल्या डोनरचं घेऊनही होतं."

आज बाबा सकाळी मंडईत जाऊन भाजी आणतात. गोळ्यांचा डबा खिशात. त्यातली एक गोळी त्या जुन्या खुणेची. ते तिला 'आजोबांची गोळी' म्हणतात. वाढदिवसाला दोन वयं मोजतात, स्वतःचं आणि लिव्हरचं. बसमध्ये ज्येष्ठांच्या सीटवर बसताना म्हणतात, माझं नाही, आतल्याचं तिकीट काढा.

गेल्या महिन्यात मी अवयवदानाचा फॉर्म भरला. फॉर्म नंबर सात, दोन साक्षीदार लागतात. एक बाबा झाले. सही करता करता थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "शेवटचा स्कॅन कितीचा होता तुझा?"

"अधिक तीन."

"मग बाजूला लिहून ठेव : चरबी कमी करण्याचं काम चालू आहे."